पन्नाशीपुढची कावीळ: महाराष्ट्रातल्या फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातले सर्व फॅमिली डॉक्टर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी
प्रत: सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन

विषय: पित्तनलिकेच्या कॅन्सरचे रुग्ण वेळेत पुढे पाठवण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

मागणी आधीच सांगते, कारण तुमच्या दवाखान्याबाहेरच्या बाकांवर किती गर्दी असते ते मी रोज बघते. पन्नाशी ओलांडलेला माणूस पिवळे डोळे घेऊन आला, ताप नाही, पण अंगाला खाज सुटलेली आहे, लघवी गडद आणि शौचाला पांढुरकं होतंय, तर त्याला लिव्हरचं सिरप आणि पथ्य सांगून पंधरा दिवसांनी बोलावू नका. लिव्हर फंक्शन टेस्ट आणि पोटाची सोनोग्राफी त्याच आठवड्यात करून घ्या. सोनोग्राफीत यकृतातल्या पित्तनलिका फुगलेल्या दिसल्या, तर यकृत आणि पित्तमार्गाच्या शस्त्रक्रिया नेहमी होतात अशा रुग्णालयाची चिठ्ठी त्याच दिवशी लिहा.

मी तालुक्याच्या गावी औषधांचं दुकान चालवते. माझा थोरला भाऊ पित्तनलिकेच्या कॅन्सरने गेला. त्याचं ऐकून आजूबाजूच्या गावांतली अशीच घरं हळूहळू माझ्याकडे फाइल घेऊन येऊ लागली. कुणाला रिपोर्टमधला शब्द समजत नसतो, कुणाला मुंबईत कुठे उतरायचं ते हवं असतं. मी डॉक्टर नाही आणि रिपोर्ट वाचून सल्लाही देत नाही. पण इतक्या फाइली चाळल्यावर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पहिली चिठ्ठी आणि पहिली सोनोग्राफी यांच्यात महिना, दीड महिना, कधी त्याहून जास्त काळ गेलेला असतो, आणि त्या काळात रुग्ण कुठल्या ना कुठल्या काविळीच्या उपचारावर असतो.

याचा दोष मी तुम्हाला देत नाही. आपल्याकडे कावीळ म्हटलं की दूषित पाणी डोळ्यांपुढे येतं, आणि त्याला कारण आहे. इचलकरंजीत २०१२ साली हेपटायटिस ई ची केवढी मोठी साथ आली होती, ते आमच्या भागातले लोक अजून विसरलेले नाहीत. पावसाळ्यात तुमच्याकडे येणाऱ्या काविळीच्या रुग्णांतले बहुतेक जण विश्रांतीने आणि वेळ गेला की बरे होणारेच असतात. पित्तनलिकेचा कॅन्सर एखाद्या फॅमिली डॉक्टरला अख्ख्या कारकिर्दीत दोन-चार वेळाच भेटत असेल. म्हणूनच वय, खाज आणि शौचाचा रंग या तीन गोष्टी विचारायची सवय लागली पाहिजे. शौचाचा रंग रुग्ण आपणहून सांगत नाही, त्याला लाज वाटते. विचारलं की लगेच सांगतो. घरातली बाई तर न विचारताही सांगेल, पण तिला आत बोलवायला हवं.

खाजेबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ती माझ्या काउंटरवर येते. माणूस आधी सेट्रिझिन मागतो. आठवड्याने येतो तेव्हा दुसरी गोळी, मग लावायला लोशन. कुणी म्हणतं पाणी बदललं, कुणी म्हणतं साबण बाधला. ही खाज तळहाता-तळपायांना जास्त असते, रात्री वाढते, आणि अंगावर पुरळ दिसत नाही. पित्त अडल्यामुळे येणाऱ्या खाजेवर ॲलर्जीच्या गोळ्या फारसा उपयोग करत नाहीत. त्यांच्या गुंगीने झोप लागते एवढंच. खाज हे पहिलं लक्षण असू शकतं, डोळे पिवळे व्हायच्याही आधीचं. सेट्रिझिनने न थांबणारी आणि पुरळ नसलेली खाज घेऊन साठीचा माणूस आला, तर मी आता गोळी देण्याआधी त्याला दुकानाबाहेर उजेडात घेऊन डोळे बघते आणि तुमच्याकडे पाठवते. माझ्या व्यवसायबंधूंनाही हेच सांगणं आहे.

दादाचं असंच झालं. तो साखर कारखान्यात फिटर होता, निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. रात्री तळपाय खाजायचे म्हणून तो उठून दारातल्या काथ्याच्या पायपुसण्यावर पाय घासत उभा राहायचा. वहिनीने पायपुसणं उचलून ठेवलं, तर कंगवा घेऊन बसला. मग डोळे पिवळे झाले. गावात काविळीची माळ देणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी काड्यांची माळ डोक्यात घातली. ती लांब होत होत गळ्यात उतरली की कावीळ उतरली, असं मानतात. सोबत उसाचा रस, मुळा, आणि तेल-तूप-हळद बंद. दादाचं वजन भराभर उतरलं आणि घरातल्या सगळ्यांनी ते पथ्यावर घातलं. बिनतेलाचं खाल्ल्यावर माणूस वाळणारच, असं शेजारीपाजारीही म्हणाले. कॅन्सरचं एक ठळक लक्षण पथ्याच्या आड असं झाकून जातं, हे मी पुढे इतर घरांतही पाहिलं. काविळीच्या रुग्णाला तुम्ही दर भेटीत वजनकाट्यावर उभं केलंत आणि आकडा केसपेपरवर लिहिलात, तर पुढचा डॉक्टर त्या एका ओळीवरून सावध होईल.

आता आजाराविषयी. यकृतात तयार झालेलं पित्त बारीक नळ्यांतून वाहत येतं. ओढ्याला ओढा मिळावा तशा त्या एकमेकींना मिळतात, उजव्या आणि डाव्या भागातून एकेक मोठी नळी बाहेर पडते, आणि यकृताच्या तोंडाशी त्या दोघींचा संगम होऊन पुढे एकच नळी आतड्याकडे जाते. या वाटेवर कुठेही कॅन्सर होऊ शकतो. यकृताच्या आत, संगमावर, किंवा खाली स्वादुपिंडाजवळ. सर्वांत जास्त रुग्ण संगमावरच्या गाठीचे असतात. तिला क्लॅटस्किन ट्यूमर म्हणतात, कारण जेराल्ड क्लॅटस्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९६५ साली अशा रुग्णांचं सविस्तर वर्णन केलं. ती गाठ बहुधा लहानशीच असते, पण बसते अशा जागी की तिच्या शेजारून यकृताला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या वाहिन्या जातात. गाठ थोडी जरी पसरली तरी शस्त्रक्रिया अवघड होते, आणि या कॅन्सरमधून पूर्ण बरं व्हायची वाट आजही मुख्यतः शस्त्रक्रियेतूनच जाते. चार-सहा आठवडे वाया जाण्याला इथे एवढं महत्त्व का, ते यावरून ध्यानात येईल.

तुमच्या हातातल्या दोन तपासण्या बरंच काही सांगतात. विषाणूच्या काविळीत एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा, हजाराच्या घरात उड्या मारतं. नळी अडलेली असेल तर एसजीपीटी तितकं वाढत नाही, अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी हे पित्त अडल्याचं सांगणारे आकडे मात्र चांगलेच वर जातात. अनेक लॅबच्या स्वस्त काविळीच्या पॅकेजमध्ये फक्त बिलिरुबिन आणि एसजीपीटी असतं. तेवढ्यावर भागवू नका. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना चिठ्ठीत स्पष्ट विचारा: यकृतातल्या नळ्या फुगल्यात का, आणि अडथळा कोणत्या पातळीवर आहे? वरच्या नळ्या फुगलेल्या आणि मुख्य नळी नेहमीच्या मापाची असेल, तर अडथळा संगमावर आहे. पित्ताशयात खडे सापडले म्हणून तिथे थांबू नका. खडे आपल्याकडे कितीतरी लोकांना असतात. पित्ताशयातले खडे आणि संगमावरची गाठ एकाच माणसात असू शकतात, आणि खड्यांचं ऑपरेशन होऊनही कावीळ तशीच राहिलेली फाइल मी पाहिली आहे.

यकृताच्या आतल्या भागातला कॅन्सर याहून लबाड. त्यात शेवटपर्यंत कावीळ होईलच असं नाही. थकवा, बरगडीखाली जडपणा, भूक मंदावणं, एवढंच. कित्येकदा तो दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत दिसतो. जन्मतः पित्तनलिकेला फुगवटा असलेले, पीएससी नावाचा पित्तनलिकांचा जुना दाह असलेले, यकृतातल्या नळ्यांत खडे असलेले, हेपटायटिस बी किंवा सी चे जुने रुग्ण आणि सिरोसिसचे रुग्ण यांच्यावर लक्ष ठेवायला हवं. पण हेही सांगते की बहुतेक रुग्णांत असं कुठलंच कारण सापडत नाही. दादाला यातलं काहीच नव्हतं. तो दारू पीत नव्हता, तरी भेटायला येणारा प्रत्येक जण आधी तेच विचारायचा. लिव्हरचा आजार म्हणजे दारू, ही समजूत या घरांना फार छळते. वहिनी तर पुढे पुढे लोकांना आजाराचं नाव सांगायचंच टाळू लागली.

तुम्ही चिठ्ठी कुठली देता यावर पुढचं सगळं ठरतं. सोनोग्राफीत नळ्या फुगलेल्या दिसल्या की आसपासच्या शहरात ताबडतोब एन्डोस्कोपीतून नळी, म्हणजे स्टेंट, घालण्याची घाई होते. कावीळ उतरते, घरचे खूश होतात, डॉक्टर बरे वाटतात. पण स्टेंट घातल्यावर भोवतीच्या भागाला सूज येते आणि त्यानंतर काढलेल्या सीटी किंवा एमआरसीपीत (पित्तनलिकांच्या एमआरआय स्कॅनमध्ये) गाठ नेमकी कुठवर गेली आहे ते नीट कळत नाही. यकृताचा कोणता भाग ठेवायचा आणि कोणता काढायचा हे आधी ठरलं, तर कोणत्या बाजूचं पित्त काढायचं तेही ठरतं. उलट क्रमाने गेलं की चुकीच्या बाजूला स्टेंट बसतो आणि निचरा न झालेल्या भागात जंतुसंसर्ग होतो. दादाला असाच घाईत स्टेंट बसला. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. मोठ्या रुग्णालयात पोचलो तेव्हा तिथल्या सर्जननी सीडी दोनदा पाहिली आणि विचारलं की स्टेंटच्या आधीचं स्कॅन कुठे आहे. ते काढलेलंच नव्हतं. संसर्ग आटोक्यात येईपर्यंत थांबावं लागलं आणि मग कळलं की गाठ रक्तवाहिनीला वेढून आहे, शस्त्रक्रिया होणार नाही. स्टेंट आधी नसता तर ती झालीच असती असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण त्या सर्जनना हवं असलेलं चित्र त्यांच्या हातात असायला हवं होतं.

तेव्हा चिठ्ठीत एक ओळ घाला: "कृपया पित्त निचऱ्याआधी सीटी किंवा एमआरसीपी करून सर्जनचं मत घ्यावं." ताप येऊन संसर्ग झाला असेल तर निचरा थांबवता येत नाही, तिथे जीव वाचवणं आधी. पण तसं काही नसेल तर दोन दिवस स्कॅनसाठी थांबता येतं. बाहेरून सुई घालून तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढण्याचीही (बायोप्सीची) घाई नको. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९९३ पासून संगमावरच्या निवडक रुग्णांना आधी किरणोपचार आणि केमो देऊन मग यकृत प्रत्यारोपण करतात. पोटातून सुई घालून गाठीचा तुकडा काढला असेल तर त्या उपचारासाठी रुग्ण बाद ठरतो. कुठली सुई कधी घालायची हे मोठ्या केंद्रातल्या मंडळींवर सोडलेलं बरं.

तुकड्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून कॅन्सर नाही, असं इथे म्हणता येत नाही. नळीतून ब्रशने घेतलेल्या नमुन्यात पुरेशा पेशी मिळत नाहीत आणि खरा कॅन्सरही निसटतो. उलट रक्तातला सीए १९-९ हा कॅन्सरच्या तपासणीतला आकडा वाढला म्हणून कॅन्सरच, असंही नाही. नुसती नळी अडली तरी तो आकडा वर जातो. आयजीजी४ नावाच्या आजारात नळी हुबेहूब कॅन्सरसारखी आवळते आणि स्टेरॉइडने सुटते. त्यामुळे तपासणी पुरी होण्याआधी घरच्यांना "आता काही उरलं नाही" असं सांगणाऱ्यांचाही मला राग येतो. संशय घ्या, धावपळ करायला लावा, पण निकाल आधीच देऊ नका.

आता तुमची सगळ्यात जास्त गरज कुठे लागते ते सांगते. मोठं रुग्णालय उपचार करून रुग्णाला घरी पाठवतं आणि पुढचे सगळे दिवस तो तुमच्याच गावात काढतो. कुणाच्या आत प्लॅस्टिकचा स्टेंट असतो, तो साधारण तीन महिन्यांत तुंबू लागतो आणि बदलावा लागतो. कुणाच्या बरगड्यांमधून नळी बाहेर काढून पिशवी लावलेली असते, तिला पीटीबीडी म्हणतात. वहिनीने त्या पिशवीसाठी शाळेची दोनशे पानी वही केली होती. रोज सकाळी पिशवी मापात रिकामी करायची, किती मिली आणि कोणता रंग ते लिहायचं. सोनेरी-तपकिरी म्हणजे ठीक. हिरवट गढूळ झालं किंवा एकदम कमी आलं की तिच्या कपाळावर आठी. नळी धुवायला लागणारं सलाइन आणि निर्जंतुक सिरिंज माझ्या दुकानातून जायचं, पण इतर कितीतरी घरांना ते कसं करायचं हे कुणी दाखवलेलंच नसतं. डिस्चार्जच्या गडबडीत नर्सने एकदा करून दाखवलेलं असतं, बस. एसटीत बसताना ती पिशवी शालीखाली धरून माणूस खिडकीकडे सरकून बसतो, कुणाचा धक्का लागला तर नळी सुटेल या भीतीने. तुमच्या दवाखान्यातल्या सिस्टरांनी ड्रेसिंग बदलायला आणि नळी धुवायला शिकून घेतलं, तर त्या माणसाची जिल्ह्याच्या गावची खेप वाचेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थंडी वाजून ताप. स्टेंट किंवा नळी असलेल्या माणसाला हुडहुडी भरली, तर मलेरियाची तपासणी आणि पॅरासिटामॉल देऊन उद्या या म्हणू नका. नळी तुंबून रक्तात संसर्ग पसरण्याची ती सुरुवात असते आणि काही तासांत बीपी खाली जातं. त्याला त्याच दिवशी, रात्र असली तर रात्री, निचरा बदलू शकणाऱ्या रुग्णालयात हलवावं लागतं. गाडीत बसवण्याआधी तुम्ही शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलंत तर फार मोठं काम होईल. कॅन्सर आटोक्यात असताना अशा तापाने माणसं जातात, आणि हे टाळता येण्यासारखं आहे. पित्त आतड्यात पोचत नसल्याने व्हिटॅमिन के शरीरात शोषलं जात नाही, रक्त गोठायला उशीर होतो. दात काढणं किंवा एखादी छोटी शस्त्रक्रिया करण्याआधी पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, बघायला विसरू नका.

औषधांच्या बाबतीत "याला काही इलाज नाही" हे वाक्य आता जुनं झालं. जेमसिटाबिन आणि सिसप्लॅटिन ही केमोची औषधं एकत्र दिल्याने आयुष्य वाढतं हे २०१० साली ब्रिटनमधल्या एबीसी-०२ या अभ्यासाने दाखवलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टोपाझ-१ अभ्यासात त्याच केमोला डुर्व्हालुमॅब या प्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या औषधाची जोड दिल्यावर दोन वर्षांनी हयात असलेल्या रुग्णांचं प्रमाण साधारण १० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेलं. यकृताच्या आतल्या कॅन्सरमध्ये काही रुग्णांच्या गाठीत एफजीएफआर२ किंवा आयडीएच१ या जनुकांत बदल असतो आणि त्यावर नेमक्या काम करणाऱ्या गोळ्या निघाल्या आहेत. अमेरिकेत पेमिगॅटिनिबला २०२० मध्ये आणि आयव्होसिडेनिबला २०२१ मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली. आपल्याकडच्या साध्या घराला यांतलं पुष्कळसं परवडणारं नाही, हे मी औषधांच्या किमती रोज बघणारी बाई म्हणून जाणते. पण जनुकांची तपासणी झालीच नाही, तर नव्या औषधांच्या चाचणीतून, कंपनीच्या मदत योजनेतून किंवा ट्रस्टकडून औषध मिळवायची दारंसुद्धा उघडत नाहीत. तुकडा काढलाच असेल तर तो ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ब्लॉक सांभाळून ठेवा, असं घरच्यांना सांगा. पॅथॉलॉजी लॅबकडून तो मागून घेता येतो हे पुष्कळांना माहीतच नसतं.

यापुढचं आरोग्य विभागासाठी आहे.

युरोपात वर्षाला लाखामागे सहापेक्षा कमी नवे रुग्ण असलेल्या कॅन्सरला दुर्मीळ म्हणतात. आपल्याकडे हा कॅन्सर किती, हे कॅन्सर नोंदणीच्या अहवालातून सामान्य माणसाला शोधून सापडत नाही, कारण तो दोन रकान्यांत विभागला जातो. यकृताच्या आतल्या पित्तनलिकेचा कॅन्सर सी२२.१ या संकेतांकाखाली यकृताच्या कॅन्सरमध्ये मोडतो. बाहेरच्या पित्तनलिकेचा सी२४ खाली येतो आणि अहवालांच्या तक्त्यांत सी२३ म्हणजे पित्ताशयाच्या कॅन्सरसोबत एकाच ओळीत छापला जातो. पित्ताशयाचा कॅन्सर उत्तर भारतात फार मोठा प्रश्न आहे, त्यामुळे त्याच्या आकड्यात हा पुरता बुडून जातो. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासून चालू आहे, देशातली पहिली. ग्रामीण भागातली देशातली पहिली नोंदणी १९८७ साली आपल्याच बार्शीत सुरू झाली. एवढी परंपरा असलेल्या राज्याने पित्तनलिकेचा कॅन्सर आतला, संगमावरचा आणि खालचा असा वेगळा करून छापावा. माहिती केसपेपरांत आहेच, ती वेगळी मांडायची आहे. किती माणसं आहेत हेच ठाऊक नसेल तर किती खाटा, किती स्टेंट, किती एमआरसीपी लागतील हे कशाच्या जोरावर ठरवणार?

मोजल्याने काय होतं याचं उदाहरण जपानचं आहे. ओसाकातल्या एका लहानशा छापखान्यातल्या तरुण कामगारांना हाच दुर्मीळ कॅन्सर झाल्याचं २०१२ साली पुढे आलं. यंत्रावरची शाई पुसायला बंदिस्त खोलीत वापरलेल्या रसायनांपर्यंत माग काढला गेला आणि २०१४ मध्ये जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, १,२-डायक्लोरोप्रोपेन हे रसायन माणसात कॅन्सर करणारं म्हणून ठरवलं. रुग्ण काय काम करत होता हे कुणीतरी विचारलं आणि लिहून ठेवलं म्हणून हे कळलं. आपल्या केसपेपरवर "व्यवसाय" या रकान्यात बहुधा "मजुरी" किंवा "नोकरी" एवढंच असतं. कुठली मजुरी, कशाच्या संपर्कात, किती वर्षं, हे लिहायला लावा. ईशान्य थायलंडमध्ये हा आजार जगात सर्वांत जास्त आहे, तिथे कच्च्या गोड्या पाण्याच्या माशांतून यकृतात शिरणारा चपटा कृमी त्याला कारण आहे. तिथल्या खोन केन विद्यापीठाने गावोगाव सोनोग्राफी यंत्रं नेऊन लोकांची तपासणी चालवली आहे. आपण मासे शिजवून खातो, तेव्हा मोबाइलवर फिरणारे मासे सोडायचे निरोप मनावर घ्यायचं कारण नाही. पण सोनोग्राफी लोकांच्या दारात नेता येते, एवढं त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफीचं यंत्र असलं तरी ते चालवणारे तज्ज्ञ ठराविक वारीच येतात. काविळीच्या प्रौढ रुग्णाला त्या वारी गरोदर बायांच्या रांगेत मागे ठेवलं जाऊ नये, त्याची वेगळी नोंद व्हावी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि ते पुष्कळ घरांना तारतं. या आजारात मात्र अडचण निराळी असते. एकदा शस्त्रक्रिया किंवा एकदा केमो असा हिशेब इथे बसत नाही. स्टेंट तुंबतो, बदलावा लागतो, संसर्ग होतो, पुन्हा भरती, पुन्हा पिशवी. स्टेंट बदलणं, पीटीबीडी, त्याच्या पिशव्या आणि एमआरसीपी हे सगळं एका सलग उपचाराचा भाग म्हणून योजनेत बसवा. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणातली यादी मुख्यतः आनुवंशिक आजारांची आहे, त्यात या कॅन्सरला जागा नाही. म्हणजे कॅन्सरच्या योजनांत हा दुर्मीळ म्हणून मागे पडतो आणि दुर्मीळ आजारांच्या योजनेत कॅन्सर म्हणून बाहेर राहतो.

डॉक्टर, पुन्हा तुमच्याकडे वळते. चिठ्ठी देताना रुग्णाला रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्यायला सांगा, आणि योजनेत असलेल्या (अंगीकृत) रुग्णालयात गेल्यावर पहिल्यांदा आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या तिथल्या माणसाला, गाठायला सांगा. परळला टाटा मेमोरियलला जाणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचं नाव सांगा. मुंबईत रात्र कुठे काढायची या एका धास्तीपायी निघायला उशीर करणारी घरं मी पाहिली आहेत.

ज्यांची शस्त्रक्रिया होऊ शकत नाही, त्यांनाही सोडून देऊ नका. खाजेवर कोलेस्टिरामिन आहे, रिफाम्पिसिन आहे, सर्ट्रालिनही वापरतात. दुखण्यावर मॉर्फिन आहे आणि २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर ते रुग्णालयांना मिळवणं सोपं झालंय. दादा शेवटच्या महिन्यांत शांत झोपू शकला तो एका तरुण डॉक्टरांमुळे. ते दर रविवारी स्वतः घरी यायचे, मॉर्फिनचा डोस बघायचे, पिशवी बघायचे आणि दादाशी कारखान्याच्या गाळप हंगामाबद्दल बोलत बसायचे. दादाने केमोवर एक दिवाळी धडधाकट पाहिली. त्यापुढची नाही.

या आजाराचा माणूस वॉर्डात एकटा असतो. शेजारच्या खाटांवर तोंडाचा, स्तनाचा, आतड्याचा कॅन्सर असतो, त्यांचे नातेवाईक एकमेकांना विचारून शिकतात. कोलँजिओकार्सिनोमा हे पित्तनलिकेच्या कॅन्सरचं वैद्यकीय नाव मात्र घरच्यांना उच्चारतासुद्धा येत नाही, मग दुसऱ्याला विचारणार काय? तुमच्याकडे असा दुसरा रुग्ण असेल तर दोघांची परवानगी घेऊन त्यांची गाठ घालून द्या. पिशवी कशी बांधायची, स्टेंट बदलायला कधी जायचं, काय खाल्लं की सोसतं, हे एका घराने दुसऱ्या घराला सांगितलं तर लगेच समजतं.

फेब्रुवारी हा जगभर या कॅन्सरच्या जागृतीचा महिना असतो आणि त्यातला तिसरा गुरुवार त्याचा दिवस म्हणून पाळतात. त्या निमित्ताने तुमच्या दवाखान्यात, आशाताईंच्या बैठकीत आणि औषधांच्या दुकानांत एक साधा मराठी कागद लागावा अशी विनंती आहे. मजकूर मी असा केला आहे:

"वय ५० च्या पुढे आहे? डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाला पांढुरकं, अंगाला खाज, वजन उतरतंय? ही साधी कावीळ नसू शकते. माळ, मुळी, नाकात औषध यांत दिवस घालवू नका. याच आठवड्यात रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. पित्ताचा स्टेंट किंवा पिशवी असलेल्या रुग्णाला थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा."

कुणी यात वैद्यकीय दुरुस्ती सुचवली तर मी ती आनंदाने करीन. दवाखान्याचं नाव आणि जवळच्या सोनोग्राफी केंद्राची वेळ खाली घालून कुणीही हा छापावा, माझी परवानगी विचारायची गरज नाही.

आपली नम्र,
तालुक्याच्या गावातली एक औषधविक्रेती